दोन राउटर, एकच लाईन आणि मधे धाब्याची भिंत. कसं जोडू?

धाब्याखालचा

रामराम मंडळी. गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. आधी घराचा नकाशा सांगतो नाहीतर पुढचं काहीच डोक्यात शिरणार नाही. पुढे गल्लीला तोंड करून जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर, मधे खळं, खळ्यात दोन म्हशी, कडब्याची गंजी आणि ट्रॉली, आणि मागे दोन वर्षांपूर्वी बांधलेलं स्लॅबचं घर. फायबरवाले आले मागच्या गल्लीच्या पोलवरून, म्हणून त्यांचा डबा, म्हणजे घरातला मुख्य राउटर, नव्या घरात वरच्या मजल्यावर बसला, तिथं बसूनच मी पुण्याच्या कंपनीचं काम करतो आणि तिथं नेट एकदम झकास, त्याची काही तक्रार नाही. तक्रार जुन्या घराची. तिथं आई-आबा राहतात आणि ओट्याला लागून असलेल्या खोलीत दादाचं सातबारा काढून देणं, पीकविम्याचे फॉर्म भरणं, झेरॉक्स, प्रिंट असं छोटं दुकान आहे. वायफाय म्हणाल तर ओट्यावर उभं राहून फोन वर धरला की एक दांडी, दारातून आत पाय टाकला की ती पण गुल. भिंती दोन हात जाड, पांढऱ्या मातीच्या, वर धाब्यावर खारी माती टाकलेली ती वेगळी. दादा सध्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर धंदा करतोय आणि दुपारी डेटा संपला की शिव्या मला.

पुण्याच्या रूमवरचा एक राउटर ट्रंकेत पडून होता, चांगला चालणारा, दोन अँटेना, घरातल्या वस्तू जोडायचे चार पिवळे लॅन पोर्ट आणि बाहेरून येणाऱ्या लाईनचा एक निळा वॅन पोर्ट. म्हटलं नवीन कशाला घ्यायचा, हाच लावू. ३८ मीटर लॅन केबल आणली, खळ्यावरून टाकली.

पहिल्यांदा डब्याच्या लॅनमधून राउटरच्या लॅनमधे खोचली, सेटिंगला हात लावला नाही. दहा मिनिटं जोरात चाललं, मग अर्ध्या घराचं नेट गेलं, मी मीटिंगमधून बाहेर फेकला गेलो, वहिनीचा फोन चालू तर आबांचा बंद, थोड्या वेळाने त्याच्या उलट. दोन्हीच्या मागे स्टिकरवर पत्ता १९२.१६८.१.१ च लिहिलाय हे नंतर दिसलं.

मग केबल निळ्या पोर्टात टाकली. आता राउटरने स्वतःच आपला पत्ता बदलून १९२.१६८.०.१ केला आणि नेट दोन्हीकडे आलं. वाटलं जिंकलो. पण दादाचा प्रिंटर जुन्या राउटरवर आणि माझा लॅपटॉप डब्यावर, तर लॅपटॉपला प्रिंटर दिसतच नाही. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर नव्या घरात आहे, तो पण आबांच्या टीव्हीवरच्या ॲपमधे सापडत नाही. मला सगळं घर एकाच नेटवर्कवर पाहिजे. श्रावणात कानबाईला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, सुरतहून, पुण्याहून वीस-पंचवीस माणूस येतं, त्याच्या आत लागलं पाहिजे नाहीतर सगळी पोरं माझ्याच खोलीत येऊन बसतील. राउटर सध्या जुन्या घरात देवळीत ठेवलाय, दिव्याच्या शेजारी.

भुसावळ_फलाट

भो इतका खटाटोप कशाला, एक रिपीटर मागव, सॉकेटमधे खोच, बटण दाब, झालं काम. आमच्या क्वार्टरमधे तीन वर्षं तेच चालू आहे, ना केबल ना सेटिंग.

धुळ्याचा_वायरमन

फलाटवाले भाऊ, क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि नऊ इंची विटेची भिंत, तिथं चालणारच. याच्याकडे दोन हात मातीची भिंत आहे, पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते आणि पाणी वायफायला खाऊन टाकतं. रिपीटर काय करतो, हवेतून ऐकतो आणि तेच परत हवेत बोलतो, स्वस्तातल्याला ऐकायला आणि बोलायला रेडिओ एकच, म्हणजे स्पीड तिथंच अर्धा. आणि तो ठेवणार कुठं, जुन्या घरात ठेवला तर त्यालाच एक दांडी मिळते, मधे ठेवायचा तर मधे म्हशी आहेत. विहिरीला पाणी नसताना मोटार मोठी बसवण्यातला प्रकार आहे हा. केबल टाकलीच आहे ना यानं, मग केबलसारखं दुसरं काही नाही.

आता धाब्याखालचे भाऊ, तुम्ही दोन्ही वेळा बरोबरच्या जवळ होता. मी हे काम रोज करतो म्हणून सांगतो, घरात राउटर कितीही असू द्या, कारभारी एकच पाहिजे. कारभारी म्हणजे जो प्रत्येक फोनला, टीव्हीला, प्रिंटरला आयपी नंबर वाटतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. पंगतीत पाट मांडणारा एक असला तर बरं, दोघं दोन्हीकडून मांडायला लागले तर एकाच पाटावर दोन पाहुणे बसतात, तुमची पहिली दहा मिनिटं तशी गेली. वर दोघांचा नंबर पण एकच, १९२.१६८.१.१, थोडक्यात १.१. फोन विचारतो १.१ कोण आणि दोघं ओ देतात, ज्याचा आवाज आधी पोचला तो खरा, म्हणून कधी वहिनींचं चालू कधी आबांचं.

दुसऱ्या वेळी निळ्या पोर्टात घातल्यावर काय झालं, तर दुसऱ्या राउटरने स्वतःची वेगळी चूल मांडली. त्याच्या घरात ०.१ ची माणसं, डब्याच्या घरात १.१ ची माणसं, मधे दरवाजा एका बाजूनेच उघडतो. जुन्या घरातून बाहेर जाता येतं म्हणून नेट चालतं, पण नव्या घरातून आत येता येत नाही म्हणून तुमच्या लॅपटॉपला प्रिंटर दिसत नाही. याला डबल नॅट म्हणतात.

करायचं काय ते नीट वाचा आणि क्रम मोडू नका. ट्रंकेतल्या राउटरला आधी पिन घालून दहा सेकंद दाबून रिसेट करा, पुण्याच्या लाईनचं युजरनेम वगैरे त्यात अजून असेल. तो डब्यापासून पूर्ण वेगळा ठेवा, फक्त लॅपटॉप आणि तो, केबल पिवळ्या पोर्टात. ब्राउझरमधे त्याचं पान उघडा आणि आधी बघा की ऑपरेशन मोडमधे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायचं, कारभार नाही, असा पर्याय आहे का. असला तर देवाची कृपा, तो निवडा, डीएचसीपी तो आपोआप गप्प करतो. नसला तर हातानं करायचं. पहिल्यांदा वायफायचं नाव-पासवर्ड टाका. मग लॅन सेटिंगमधे जाऊन त्याचा नंबर १९२.१६८.१.२ करा, सेव्ह, तो बंद होऊन चालू होईल, आता पान १.२ वर उघडा. आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. मग डब्याच्या लॅनमधून याच्या पिवळ्या लॅनमधे केबल. निळा पोर्ट रिकामा, त्याच्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे उद्या कोणी हुशारी करणार नाही.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. मुख्य डब्यात जाऊन बघा तो कुठून कुठपर्यंत नंबर वाटतो. बऱ्याच डब्यांत २ पासून २५४ पर्यंत असतं, म्हणजे तुम्ही राउटरला दिलेला १.२ तो उद्या कोणा पाहुण्याच्या फोनला देऊन मोकळा होईल आणि परत भांडण सुरू. ते २० ते २०० करून टाका, खालचे नंबर आपल्या घरच्या सामानाला राखीव, प्रिंटरला १.१० द्या, डीव्हीआरला १.११.

आणि तो राउटर आधी देवळीतून काढा हो. देवळी म्हणजे भिंतीतच खोदलेला कोनाडा, तिन्ही बाजूंनी माती, सिग्नल फक्त समोर जाणार. आणि दिव्याची काजळी आणि तेल वेगळंच.

पाचोऱ्याची_ताई

वायरमन काकांनी छान समजावलंय, दोनच गोष्टी टाकते. डबल नॅट म्हणजे अगदी पाप नाही, नुसतं यूट्यूब आणि व्हॉट्सॲप असेल तर आयुष्यभर कळणार पण नाही. आणि भाऊ, तुमच्या दुसऱ्या प्रयोगात आबांच्या ॲपमधे डीव्हीआर आपोआप सापडत नव्हता कारण ते शोधणं म्हणजे मोठ्याने हाक मारणं असतं आणि हाक राउटर ओलांडत नाही, पण त्याचा नंबर हाताने टाकला असता तर उघडला असता, कारण आतून बाहेरचा रस्ता चालू होता. प्रिंटरचं मात्र खरंच जमलं नसतं. त्यामुळे तुमच्यासाठी काकांचाच उपाय.

हे १९२.१६८ पाहून घाबरू नका कोणी, १९९६ साली हे नंबर घरगुती वापरासाठी कायमचे राखून ठेवलेत, म्हणून माझ्या घरी पण तेच आणि तुमच्या पण तेच आणि तरी टक्कर होत नाही. टक्कर एका घरातच होते :)

आता वायफायच्या नावाचं. दोन्हीकडे एकच नाव, एकच पासवर्ड आणि सिक्युरिटीचा प्रकार पण सारखा ठेवला तर फोन खळं ओलांडताना आपला आपण दुसऱ्यावर जातो. जातो म्हणजे जाईलच असं नाही, कुठे चिकटायचं ते फोन ठरवतो, काही फोन इतके हट्टी असतात की एक दांडी उरली तरी जुन्याला सोडत नाहीत. माझ्या सासऱ्यांचा तसाच आहे, त्यांना विमान मोड चालू-बंद करायला शिकवलंय, आता ते टीव्हीचा आवाज गेला तरी विमान मोड लावतात. तुमच्या आबांचा फोन जुन्या घराबाहेर फारसा जात नसेल तर काही प्रश्न नाही.

चॅनल, म्हणजे वायफाय ज्या पट्ट्यावर बोलतं तो, मात्र वेगवेगळे ठेवा. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमधे १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, तर डबा १ वर आणि दुसरा ११ वर, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर. ५ गिगाहर्ट्झवालं जुन्या घरात फक्त त्याच खोलीपुरतं धरा, मातीच्या भिंतीतून ते जात नाही.

केळीवाला_रावेर

सगळं बरोबर आहे पण मी एकच विचारतो, केबल खळ्यावरून उघडी टाकलीय का? मागच्या वर्षी मृगाचा पहिला पाऊस, माझी केबल घरापासून शेडपर्यंत बांबूवरून गेलेली, वीज पडली शेजाऱ्याच्या बांधावरच्या निंबावर, माझ्यावर नाही. सकाळी उठून बघतो तर दोन्ही राउटरचे दिवे चालू, वायफाय पण चालू, पण केबलचे पोर्ट मेलेले, दोन्ही टोकांचे, आणि डीव्हीआरचं नेटवर्क पण. लांब तांब्याची तार म्हणजे विजेसाठी अँटेनाच, अंगावर पडायची गरजच नाही. तेव्हापासून दोन बिल्डिंगच्या मधे मी तांबं टाकत नाही. दोन घरांचे मीटर वेगळे आहेत का ते पण सांग, वेगळे असले तर अर्थिंग वेगळं, आणि मग दोन्ही टोकांत फरक पडतो तो वेगळाच त्रास.

माझा उपाय, मधे फायबर. मीडिया कन्व्हर्टरची जोडी मिळते, दोन डब्या, मला जोडी दीड हजाराच्या आसपास पडली. एक डबी इकडे एक तिकडे, मधे काचेची वायर, दोन्ही टोकांना लॅन. घेताना बघ एकावर ए आणि दुसऱ्यावर बी लिहिलेलं पाहिजे, एक जण एका रंगाच्या प्रकाशात बोलतो आणि दुसरा दुसऱ्या, दोन्ही ए आणले तर बसशील डोकं खाजवत. वायर दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेली रेडिमेड मिळते, जोडणी मशीनवाल्याला बोलवायला नको. काचेतून करंट जात नाही. फक्त एक, त्या काळ्या बाहेरच्या वायरीला आधाराला लोखंडी तार असते, ती दोन्हीकडे घराबाहेरच तोडून ठेव, डबीपर्यंत आणू नको, नाहीतर काच घेऊन उपयोग काय.

धुळ्याचा_वायरमन

केळीवाल्यांचं म्हणणं मान्य आहे, मीटर वेगळे असतील तर फायबरच टाका. एकाच मीटरवर असतं तर मी ३८ मीटरला पीव्हीसी पाईपात घालून जमिनीखालून केबलच टाकली असती आणि ढग गरजले की काढून ठेवा म्हटलं असतं. पण खरं सांगायचं तर ढग गरजल्यावर कोणी केबल काढत नाही, सगळे कपडे काढायला पळतात.

काही असलं तरी पाईपातून न्या. उघडी वायर उन्हाने दोन वर्षांत तडकते, आणि म्हशीला अंग खाजवायला दुसरं काही मिळत नाही. आणि जी केबल आणलीय तिचं टोक ब्लेडने खरवडून बघा, तांबूस दिसतंय का आत चंदेरी निघतंय. चंदेरी म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, दुकानदार कॅट सिक्स, म्हणजे चांगल्या प्रतीची लॅन केबल, म्हणून सर्रास तेच देतो. दोनचार वेळा वाकली की तुटते.

धाब्याखालचा

मंडळी आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत, अर्धं यश. खरवडून पाहिली, चंदेरी निघाली. दुकानदार ओळखीचा आहे म्हणून जास्त राग आला.

मीटर वेगळे आहेत. नव्या घराचं माझ्या नावावर, जुन्याचं अजून आजोबांच्या. तर फायबर मागवली आहे.

तोवर म्हटलं राउटरचं सेटिंग करून ठेवू, आणि घोळ घातला. काकांनी क्रम मोडू नका म्हटलं होतं, मी घाईत आधी डीएचसीपी बंद केला, सेव्ह केलं, राउटर चालू-बंद झाला आणि आता लॅपटॉप त्याला जोडला तरी पान उघडतच नाही. लॅपटॉपला १६९.२५४ असला कुठलातरी नंबर आलाय जो मी कधी पाहिला नाही. परत रिसेट करू का? आबा ओट्यावरून विचारताहेत, नेट उनं (आलं) का रे? मी म्हटलं घरात दोन कारभारी झाले होते, एकाला गप्प बसवलं तर त्यानं दारच लावून घेतलं. आबा म्हणे घरमा दोन कारभारी व्हयनात म्हणजे असंच व्हस. आमच्या घराच्या वाटण्यांचा विषय निघायच्या आत मी आत आलो.

धुळ्याचा_वायरमन

रिसेट केलं तर परत पहिल्यापासून, त्याची गरज नाही. नंबर वाटणाराच गप्प केला म्हणून लॅपटॉपला कोणी नंबर दिला नाही, मग तो स्वतःच १६९.२५४ मधला एक लावून बसतो, म्हणजे पंगतीत पाट मिळाला नाही तर माणूस दारातच उकिडवा बसतो तसं. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमधे हाताने नंबर द्या, १९२.१६८.१.५०, खाली मास्क २५५.२५५.२५५.०, बाकी रिकामं सोडलं तरी चालेल. आता १.१ उघडेल कारण राउटर अजून १.१ वरच आहे. तिथं जाऊन त्याला १.२ करा. काम झालं की लॅपटॉप परत ऑटोमॅटिकवर टाकायला विसरू नका, नाहीतर उद्या सकाळी मीटिंगला परत बोंब.

धाब्याखालचा

उघडलं!! १.२ केला. ऑटोमॅटिकवर टाकायला विसरलोच होतो, सकाळी आठवलं.

पाचोऱ्याची_ताई

भाऊ, लाईट गेली की काय करता? तुमच्याकडे भारनियमन असेलच. आता साखळीत डबा, दोन कन्व्हर्टर आणि राउटर अशा चार वस्तू झाल्या, एक बंद पडली तरी जुन्या घराचं नेट गेलं. छोटे यूपीएस मिळतात राउटरचे, पण घ्यायच्या आधी प्रत्येक अडॅप्टरवरचे आकडे बघा. कुणाचा १२ व्होल्ट असतो, कुणाचा ९, कन्व्हर्टर बहुतेक ५ चा. पिन बसते म्हणून १२ ची ९ च्यात घालू नका, मी एक घालवलाय.

भुसावळ_फलाट

आणि गरमीचं पण बघा भो. राउटरच्या कागदावर चालायचं तापमान ० ते ४० लिहिलेलं असतं, आमच्या भुसावळला मे महिन्यात घरातल्या तांब्यातलं पाणीच चाळीसचं असतं. पत्र्याखाली ठेवू नका. धाब्याचं घर त्या बाबतीत भारी, राउटर पण म्हणेल मला इथंच राहू द्या. रिपीटरचं मी मागे घेतो.

धाब्याखालचा

फायबर आली, टाकली. ५० मीटरची रेडिमेड घेतली, उरलेली गुंडाळून वर टांगली. काळ्या वायरीतली लोखंडी तार दोन्हीकडे भिंतीबाहेर तोडली, ती इतकी चिवट की पक्कडीने बोटाला फोड आला. खळ्यातून पाईप कडेकडेने गव्हाणीच्या मागून नेला. कन्व्हर्टर ए आणि बी नीट पाहून घेतले. डब्याची रेंज २० ते २०० केली, प्रिंटर १.१०. राउटर देवळीतून काढून दादाच्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूने लाकडी फळी ठोकून ठेवला, आधी धान्याच्या पत्र्याच्या कोठ्यांवर ठेवणार होतो, चार कोठ्या ओळीने आहेत, बरं झालं तिथं नाही ठेवला, पत्र्याच्या मागे सिग्नल शून्य येत होता, हातात फोन घेऊन फिरून पाहिलं.

नव्या घरात बसून सातबारा प्रिंटला टाकला आणि खळ्याच्या पलीकडून दादा ओरडला, निघाला रे निघाला. आबांच्या टीव्हीवर कॅमेरे पण आले. आबा आता दिवसभर म्हशी टीव्हीवर बघतात, म्हशी दाराच्या बाहेर वीस फुटांवर आहेत.

दोन दिवस एकदम सुरळीत. मग काल दुपारी कानबाईची पाहुणे मंडळी यायला सुरुवात झाली आणि सगळंच बंद. दोन्ही घरांत. वायफाय जोडलेलं दाखवतं, नेट नाही, प्रिंटर नाही, कॅमेरे नाहीत, डब्याचं पान पण उघडत नाही. चालू-बंद केलं की अर्धा मिनिट चालतं आणि परत ठप्प. राउटरचे आणि डब्याचे लॅनचे दिवे एका तालात लुकलुक करताहेत, वेड्यासारखे, कोणी काही वापरत नसताना. पाहुणे जास्त झाले म्हणून असं होतं का? नंबर संपले का?

धुळ्याचा_वायरमन

२० ते २०० म्हणजे १८१ नंबर आहेत, एवढे पाहुणे असतील तर मांडव घाला. नंबर नाही संपले. दिवे एका तालात म्हणताय ना, मला एक सांगा, ती जुनी चंदेरी केबल काढली का?

धाब्याखालचा

नाही, खळ्यावर तशीच आहे. पण तिची दोन्ही टोकं मी काढून ठेवली होती, खात्रीने. थांबा बघून येतो.

धुळ्याचा_वायरमन

बघा. दोन राउटरच्या मधे एकाच वेळी दोन रस्ते झाले की एक हाक इकडून जाते, तिकडून परत येते, परत जाते, तिला थांबवणारं कोणी नाही, आणि सेकंदात हजारो हाका फिरायला लागतात, दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. याला लूप म्हणतात. मोठ्या ऑफिसातल्या स्विचला ते ओळखता येतं, घरगुती डब्यांना बहुधा नाही.

केळीवाला_रावेर

घरात लहान पोरं किती आहेत ते विचारा आधी.

धाब्याखालचा

पुतण्या. सहावीत आहे. सुरतच्या पाहुण्यांच्या पोरांना गेम हळू चालत होता, यानं दादाच्या टेबलामागे लोंबकळणारं टोक पाहिलं, पिवळा पोर्ट रिकामा दिसला, खोचून दिलं. मग नव्या घरात येऊन दुसरं टोक पण शोधून खोचलं. विचारलं तर म्हणे काका दोन वायरी लावल्या म्हणजे डबल स्पीड. निळ्या पोर्टावर चिकटपट्टी होती म्हणून त्याला हात लावला नाही, एवढं मात्र ऐकलं त्यानं.

एक टोक काढलं आणि पाच सेकंदांत सगळं जागेवर. काका तुम्ही तिथं धुळ्यात बसून दिव्यांवरून ओळखलंत, मानलं.

चंदेरी केबल आज सकाळी खळ्यावरून काढली. आईने ती घेतली आणि कानबाईच्या मांडवाला केळीचे खांब बांधायला वापरली, म्हणे सुतळीपेक्षा मजबूत आहे.